करंडक मिळाल्यावर एकांकिकेचं पुढं काय होतं? सांगलीतल्या एका निर्मात्याची २४ वर्षं

गावभागकर

मागच्या आठवड्यात छापखान्यात चार मुलं आली होती. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात त्यांच्या एकांकिकेला बक्षीस मिळालंय, गावात एक प्रयोग लावायचा म्हणून हँडबिल छापून हवं होतं. त्यातल्या एका मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही निर्माते आहात म्हणे. म्हणजे नेमकं काय करता?" मशीन चालू होतं, लग्नपत्रिकांचं काम अंगावर होतं. "पैसे उभे करतो, हिशेब ठेवतो," एवढंच बोललो. ते उत्तर तेव्हापासून मनात टोचतंय. २४ वर्षं केलं ते एवढंच नाही, म्हणून हा धागा.

मी मूळ नाटकातला नाही. वडिलांचा छापखाना होता. गावात येणाऱ्या नाटकांची तिकिटं, हँडबिलं आमच्याकडं छापली जायची आणि त्या ओळखीनं आम्हा भावंडांना नाटक बघायला मिळायचं. सांगलीत वाढलेल्या माणसाला ५ नोव्हेंबर शिकवावा लागत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिला खेळ केला, त्याचं आपल्याला मोठं कौतुक. त्याच्या पुढची गोष्ट मात्र आपण फारशी सांगत नाही. खेळाला आश्रय होता चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा. १८५१ साली ते गेले आणि दरबारचा आधार तुटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. दरबारातून तिकीटखिडकीपर्यंतची ती वाट मला पहिल्या खेळाइतकीच मोठी वाटते. निर्मात्याचं काम त्या वाटेवर सुरू होतं.

२००१ च्या हिवाळ्यात विश्रामबागेतल्या एका कॉलेजचा ग्रुप हँडबिलासाठी आला होता. स्पर्धेत पहिले आलेले. जत भागातल्या टँकरवर एकांकिका होती. तासनतास रांगेत उभ्या राहिलेल्या तीन बाया, एवढाच विषय. मी बघितली आणि हललो. पुढचा प्रयोग कधी, असं विचारलं तर दिग्दर्शक म्हणाला, "पुढचा कशाला? स्पर्धा झाली की." तीन महिने तालीम, ४० मिनिटांचे दोन प्रयोग, आणि संपलं. रंगमंचावरचे लाकडी चौथरे, म्हणजे लेव्हल, मांडववाल्याला परत, साड्या आयांच्या कपाटात, संहिता कुणाच्या तरी दप्तरात. दरवर्षी आपल्या भागात किती एकांकिका अशा जातात याचा विचार करा. पोरं हुशार असतात, मेहनत करतात आणि नेमकं शिकायला सुरुवात होते तिथं सगळं थांबतं.

मी म्हटलं, तिकीट लावून करूया. खर्च माझा. तिकीट २० रुपये, हॉल दीडशे खुर्च्यांचा, माणसं आली ४१. त्यातली निम्मी कलाकारांच्या घरची. हॉलभाडं, लाईट, टेम्पो, चहा-वडा धरून चार हजारांच्या वर गेले, हातात आले आठशे वीस. घरी बोलणी खाल्ली. तरी दुसरा प्रयोग लावला, मग तिसरा. चौथा थेट जत तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या कट्ट्यावर.

त्या चौथ्या प्रयोगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझं सगळं शहाणपण तिथलं आहे. स्पर्धेत परीक्षकांनी मुख्य भूमिका करणाऱ्या मुलीच्या घागरीच्या वापराचं कौतुक केलं होतं. घागर अर्थातच मोकळी. ती भरल्याचा अभिनय करून चालायची. गावात ती तशी चालायला लागल्यावर पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मोकळी हाय ती, बाय. भरल्याली अशी न्हाई धरत." कुणी हसलं नाही. आज्जीनं टिंगल म्हणून म्हटलंच नव्हतं, चुकलेल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं होतं. मुलगी क्षणभर थांबली, घागर कमरेवर खाली घेतली, दुसरा हात लांब सोडला, पाठ किंचित वाकडी केली आणि पुढं चालली. संपूर्ण एकांकिका त्या जागेपासून बदलली. तिचं बोलणं हळू झालं, कारण भरलेली घागर घेऊन माणूस भराभर बोलत नाही. परतताना टेम्पोत ती मला म्हणाली, "दादा, आत्ता कुठं कळलं मला." परीक्षकांनी दिलेलं बक्षीस खोटं नव्हतं. पण त्या आज्जीनं जे दिलं ते दुसऱ्या कुणाला देता आलं नसतं, आणि आज्जीपर्यंत पोचायला चौथा प्रयोग लागला.

तेव्हापासून आमचा एकच नियम. नाटक हातात घेतलं की १० प्रयोग, आणि किमान तीन गावांत. तोटा झाला तरी १०. पहिल्या तीन प्रयोगांत पोरं घाबरलेली असतात. चौथा-पाचवा सवयीनं होतो. सहाव्याला कंटाळा येतो, टाळ्यांच्या जागा पाठ झालेल्या असतात, त्या जागांकडं पळत सुटतात. खरं तर तेव्हा दिग्दर्शकाची आणि निर्मात्याची गरज लागते. आठव्याच्या पुढं त्यांना नाटक नव्यानं सापडतं. हे वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं असेल, मला दिसलं ते हे.

दुसरी गोष्ट, नाईट. व्यावसायिक नाटकात प्रत्येक प्रयोगाचं मानधन म्हणजे नाईट, हे इथं बहुतेकांना माहीत असेल. मी पहिल्या तिकीट प्रयोगापासून नाईट दिली. सुरुवातीला १०० रुपये, आज ८००. मुख्य भूमिका असो की विंगेत प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, सांभाळणारा असो, आकडा एकच. पाकीट प्रयोग सुरू व्हायच्या आधी. नंतर दिलं की ते "किती लोक आले" यावर अवलंबून असल्यासारखं वाटतं, आणि लोक आणणं हे माझं काम, पोरांचं नाही.

तिसरं म्हणजे कागदपत्रं. तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, हेही माहीत नसतं, उगाच घाबरतात. ही कामं मी करतो, पण प्रत्येक वेळी एका पोराला शेजारी बसवून.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात मारुती चौकाजवळचं आमचं गोडाऊन माळ्यापर्यंत बुडालं. १८ वर्षांचे नेपथ्याचे फ्लॅट, पडदे, कपडे. प्लायवूड फुगून पापडासारखं सुटलं होतं. पाणी ओसरल्यावर काही आठवडे मी नाटकाचं नावही काढलं नाही. मग ठरलं, इथून पुढं नेपथ्य एका छोटा हत्तीत मावलं पाहिजे आणि दुसऱ्या मजल्यावर चढवता आलं पाहिजे. तो नियम आता पोरांच्या लिहिण्यातसुद्धा उतरलाय. दिवाणखान्याची नाटकं कमी झाली.

एक चूकही लिहितो. २०११ मध्ये एका तरुण दिग्दर्शकाचं नाटक माझ्याकडं होतं. संथ, बिनपार्श्वसंगीताचं, फार चांगलं. तीन प्रयोग रिकामे गेले. एका गणेश मंडळाची सुपारी, म्हणजे ठरलेल्या पैशात प्रयोग करायची मागणी, आली, पण त्यांना मध्ये विनोदी प्रवेश हवा होता. मी त्याला आठवडाभर समजावून तो प्रवेश घालायला लावला. सुपारीचे पैसे मिळाले, नाटक मोडलं. सातव्या प्रयोगानंतर तो पुण्याला गेला. फोन उचलत नाही, आणि तो बरोबर आहे. तोटा सोसायची तयारी नसेल तर लेखकाला, दिग्दर्शकाला आधी सांगावं. त्याच्या नाटकातून तो भरून काढू नये.

बाकी प्रश्न विचारा. जमेल तसं लिहीन.

हरिपूरकर

काका, एका दमात वाचलं. आमच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, सांगलीचेच खाडिलकर, इथं राहिलेले मास्टर दीनानाथ, अशी नावं घेऊन आपण भाषणं करतो. पण त्या काळी नाटक मंडळीत पोरगं गेलं की तालीम, जेवण, कपडा, गाण्याचं शिक्षण एकाच ठिकाणी व्हायचं. महिनोन्‌महिने दौरा. १० प्रयोगांची तुमची अट त्यांना हास्यास्पद वाटली असती, ते एका मुक्कामात तेवढे करायचे. मंडळ्या गेल्या आणि शिकण्याची ती जागा गेली. स्पर्धांनी तिची थोडी भरपाई केली, राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून आहे, पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून. पण स्पर्धेत एका नाटकाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच प्रयोग होतात. तुम्ही त्यातली फट बुजवताय.

शाहूपुरी_सातारा

धागा आवडला, पण एक शंका मनापासून विचारतो. तुमच्याकडं छापखाना होता. चार हजाराचा तोटा झाला तर घरी बोलणी खाल्ली, पण चूल बंद पडली नाही. ही निर्मिती झाली की देणगी? साताऱ्यात आम्ही सहा जणांनी २०१७ मध्ये असंच सुरू केलं. शाहू कलामंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात ६० माणसं बसली की सभागृह रिकामं दिसतं आणि कलाकार आतूनच खचतो. पाच प्रयोगांत ८० हजार गेले. त्यातले दोघं अजून कर्ज फेडतायत. तरुण मुलांनी हा धागा वाचून स्वतःच्या पैशानं उडी घेऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

गावभागकर

शाहूपुरी, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं. छापखाना नसता तर हे झालं नसतं. पहिली नऊ वर्षं मी तोट्यात होतो. दहाव्या वर्षी तोटा थांबला तो तीन कारणांनी.

एक तर मोठं नाट्यगृह सोडलं. सव्वाशे-दीडशे खुर्च्यांच्या पुढं जायचं नाही. ८० माणसं दीडशेत बसली की जागा भरल्यासारखी वाटते. दुसरं, सभासद. वर्षाचे पैसे एकदम, त्यात सहा प्रयोग. पहिल्या वर्षी ३४ झाले, आता २१० आहेत. त्यात हळदीचे अडते आहेत, बँकेतले आहेत, निवृत्त शिक्षक खूप आहेत. सभासद काय नाटक आहे ते विचारत नाही, तारीख विचारतो, आणि नवख्या लेखकाला नेमका असाच प्रेक्षक लागतो. तिसरं, हंगाम. द्राक्षं निघायच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, तासगाव-मणेराजुरीकडं प्रयोग लावायचा नाही, कितीही फुकट ठेवला तरी माणूस येत नाही. दिवाळीनंतरचा दीड महिना सोन्यासारखा. चैत्रात गावोगाव यात्रा असतात, तिथं आमच्यासारख्यांनी जाऊ नये, लोक तमाशा बघायला आलेले असतात आणि त्यांनी तो बघावा.

आणि मुलांनी स्वतःचे पैसे घालायचे नाहीत, हा माझाही नियम आहे. वर्गणी काढून नाटक करणारा ग्रुप आला तर मी आधी वर्गणी परत करायला लावतो.

बोडणी_बोलतोय

कवलापूरचा हाय मी. काळू-बाळूच्या गावचा. तमाशाचं नाव निघालं म्हणून लिवतो. आमच्या आज्ज्यानं फडात ढोलकी वाजिवली. तिथं नाईट नव्हती, उचल हुती. हंगामाच्या आधीच पैसं अंगावर घ्यायचं आन् मग दसऱ्यापास्नं फिरत ऱ्हायाचं. उचल फिटायच्या आत दुसरी उचल. कलाकार चांगला असला की मालक सोडत नसं, आन् सोडायचं म्हटलं तरी अंगावर कर्ज. आज्जा म्हणायचा, फडानं मला वाजवाय शिकिवलं आन् फडानंच मला बांधून घातलं. दोनी खरं.

म्हणून तुमचं पाकिटाचं वाचून बरं वाटलं. पाकीट घेतलं, वाजिवलं, मोकळा. उद्या दुसरीकडं जायचं तर जा. कलाकाराला मोकळं ठिवणं ही मोठी गोष्ट हाय.

गावभागकर

बोडणी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मला उचलीचा दाखला आधी सुचला नव्हता. एकदोघांनी घरच्या अडचणीला माझ्याकडं पैसे मागितले आहेत, मी दिले आहेत, पण ते नाटकाच्या हिशेबात कधी धरले नाहीत. का धरले नाहीत ते आज शब्दांत कळलं.

रंगपेटी

मी मिरजेची. गावभागकर काकांच्या दोन नाटकांत काम केलंय, २०१४ ते २०१७. त्यांनी स्वतःबद्दल जे लिहिलं नाही ते लिहिते.

माझ्या घरी नाटकाला विरोध नव्हता, रात्रीच्या तालमीला होता. तालीम संपेपर्यंत मिरजेला जायची सिटी बस निघून जायची, रिक्षाला पैसे नसायचे, आणि कुणा मुलाच्या गाडीवरून आलेलं आईला चालायचं नाही. दुसऱ्या एका ग्रुपमध्ये मला सांगितलं होतं की "एवढं असेल तर नाटक करू नको." काकांनी काय केलं, तर तालीम सकाळी साडेसहाला ठेवली. सगळ्यांसाठी. मुलं कुरकुरली, पहिला आठवडा अर्धी झोपेत असायची. पण ती वेळ ठेवल्यावर त्या नाटकात चार मुली आल्या, त्याआधीच्या नाटकात एकच होती. काकू छापखान्याच्या मागच्या खोलीत पोहे करायच्या. आम्ही तालीम करून कॉलेजला जायचो.

कुणाला वाटेल यात काय एवढं. आमच्या भागातल्या किती चांगल्या अभिनेत्री निव्वळ शेवटच्या बसमुळं संपल्या असतील, ते मला माहीत आहे, कारण त्यातल्या तिघी माझ्या मैत्रिणी आहेत.

मुक्काम_गोरेगाव

मीही त्यांच्याकडचाच. टेलिव्हिजन मालिका करतो, सध्या बरं चाललंय. गावाकडून निघालो त्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला सोडायला काका स्टेशनवर आले होते. त्या वेळी चालू नाटकाचे सहा प्रयोग व्हायचे होते आणि माझी भूमिका मुख्य होती. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी हातात एक फाईल दिली. माझ्या प्रत्येक प्रयोगाची तारीख, गाव, भूमिका, मंडळाच्या मंजुरीचा क्रमांक, फोटो, आणि प्रत्येक नाईटच्या पावतीची झेरॉक्स. मुंबईत ऑडिशनला गेलो की समोरचा विचारतो, काय केलंय? बहुतेक पोरं करंडकाचं नाव सांगतात. मी ४३ प्रयोगांची यादी ठेवायचो. त्याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळायचा.

पण मी गेल्यावर त्या सहा प्रयोगांचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. आज विचारतो.

गावभागकर

झाले. सहाही झाले. तू गेल्यावर नऊ दिवसांत दुसरा मुलगा उभा राहिला, कारण तो पहिल्या दिवसापासून तालमीला बसत होता. प्रत्येक भूमिकेला बदली कलाकार पहिल्या तालमीपासून ठेवायचा, ही पद्धत तुझ्या आधी दोघं गेले तेव्हाच सुरू केली. बदली कलाकाराला किमान दोन प्रयोग मिळतातच, कुणी गेलं नाही तरी. म्हणजे तोही नुसता राखीव राहत नाही.

आणि वाईट वाटलं का, तर हो, वाटलं. प्रत्येक वेळी वाटतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांचा आठवा-नववा प्रयोग मी बघितला, पन्नासावा बघायला मिळणार नाही, याचं वाटतं. पण इथं चित्रपट-मालिकांचं काम नाही, नाटकावर पोट भरत नाही. थांब म्हणावं असं माझ्याकडं देण्यासारखं काही नव्हतं. आठशे रुपयांच्या नाईटवर माणसाला अडवून ठेवणं बरोबर नाही.

कऱ्हाडची_लेखणी

इथं एक कडू अनुभव सांगते. २०१५ मध्ये माझी संहिता एका हौशी संस्थेनं वाचायला घेतली. दोन वर्षांनी तिचा प्रयोग झाल्याचं मला फेसबुकवर कळलं. जाहिरातीत लेखक म्हणून दिग्दर्शकाचं नाव, खाली लहान अक्षरात "संकल्पना साहाय्य" म्हणून माझं. विचारलं तर "आम्ही खूप बदल केले" हे उत्तर. माझ्याकडं कागद काहीच नव्हता. त्यानंतर मी तीन वर्षं काही लिहिलं नाही. काका, तुम्ही लेखकाशी काय ठरवता ते कृपया सविस्तर लिहा.

गावभागकर

वाचून फार वाईट वाटलं, ताई. संहिता मेलवर पाठवत चला. तारखेसह पुरावा राहतो.

आमचा करार दोन पानी, मराठीत, दोन्हीकडं सह्या. त्यात चार गोष्टी असतात. हक्क फक्त रंगमंचीय प्रयोगाचे, चित्रपट-मालिका-वेबचे लेखकाकडंच. मुदत दोन वर्षं. प्रत्येक प्रयोगाला लेखकाचं मानधन, प्रयोगात माणसं किती आली याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि लेखकाला विचारल्याशिवाय एक ओळ कापायची नाही. शेवटची अट २०११ नंतर घातली. का ते वर लिहिलंय.

वकील_तासगाव

कायद्याची बाजू थोडक्यात देतो, मुलांना उपयोगी पडेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिणारा हाच पहिला मालक. नोंदणी केली नाही तरी हक्क असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसेल तर, तो हक्क संपतो. संहिता वर्षानुवर्षं दाबून ठेवणाऱ्यांना हे दाखवावं. लेखकाचं नाव काढून टाकणं हा वेगळा भंग आहे, हक्क विकले असले तरी नावावरचा अधिकार राहतो. कऱ्हाडच्या ताईंनी हे लक्षात ठेवावं.

उलट बाजूही आहे. कॉलेजातली मुलं प्रसिद्ध कथेवर एकांकिका करतात आणि परवानगी घेत नाहीत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. आपल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावर २०२९ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. देवल १९१६ मध्ये गेले, खाडिलकर १९४८ मध्ये, ते मोकळे. मोबाईलवर सगळा प्रयोग चित्रित करून यूट्यूबवर टाकणाऱ्यांनी कलाकारांची परवानगी घ्यावी, सादरकर्त्यालाही त्याच्या सादरीकरणावर हक्क असतो.

सतारमेकर_गल्ली

पार्श्वसंगीतासाठी चित्रपटाची गाणी वापरून नंतर अडचणीत येणारे ग्रुप बघितलेत. मिरजेत इतके विद्यार्थी तबला-पेटी-सतार शिकतायत, त्यांना घ्या की. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती वाजवणाऱ्या १९ वर्षांच्या पोराला बसायला मंच कुठाय? मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते, तिथं नवखं पोरगं गाऊन जातं आणि त्याच बैठकीला नंतर नावाजलेला कलाकार बसतो. मला वाटतं नव्या कलाकाराला असा शेजार मिळणं हेच खरं शिक्षण. नाटकात जिवंत वादक ठेवला तर त्यालाही रोज वेगळ्या नटाबरोबर श्वास जुळवावा लागतो.

गावभागकर

पटलं. आत्तापर्यंत तीन नाटकांत जिवंत वादक होते, त्यांना नाईट नटाइतकीच. चौथ्यासाठी तुमच्याशी बोलतो, व्यक्तिगत निरोप केलाय.

प्रेक्षक_शंभरफुटी

मी २१० सभासदांपैकी एक, १२ वर्षं. स्पष्ट लिहितो, सगळे प्रयोग चांगले नसतात. काही अगदी कच्चे असतात. एकदा मध्यंतराला उठून जावंसं वाटलं होतं. तरी नूतनीकरण दरवर्षी करतो. माझी बायको म्हणते, आपण नाटकाला जात नाही, पोरं मोठी होताना बघायला जातो. काकांना एक विनंती. प्रयोगानंतर पाच मिनिटं प्रेक्षकांशी बोलणं तुम्ही बंद केलंत, ते पुन्हा सुरू करा.

गावभागकर

बंद केलं कारण दोनतीन ज्येष्ठ मंडळी प्रत्येक वेळी उठून अर्धा अर्धा तास मुलांना फैलावर घ्यायची, आणि १८-१९ वर्षांच्या पोराला प्रयोग झाल्या झाल्या ते ऐकवत नाही. आता असं करतो. प्रयोगानंतर कागद वाटतो, लिहून द्या. दुसऱ्या दिवशी तालमीत आम्ही ते सगळे वाचू. नाव लिहायची सक्ती नाही.

शाहूपुरी_सातारा

माझा पहिला प्रतिसाद थोडा कडवट होता, पण तुमच्या उत्तरातून बरंच मिळालं. सभासदांची कल्पना इथं करून बघतो. कर्ज फेडणाऱ्या दोघांना हा धागा पाठवलाय. एक प्रश्न राहिला. तुमच्यानंतर कोण?

गावभागकर

६१ झाली. मुलाला नाटकात रस नाही, त्यानं छापखाना नीट चालवला तरी पुष्कळ. गेली दोन वर्षं एका मुलीला सोबत घेतलंय. बी.कॉम. झालेली, आधी आमच्याकडं बॅकस्टेज करायची. हॉल बुकिंग, मंडळाचा अर्ज, सभासदांचे फोन, हिशेब हे ती बघते. तिलाही नाईट आहे आणि वर महिन्याचा पगार. नाटक निवडायचा अधिकार या दिवाळीपासून तिचा. तिनं निवडलेलं पहिलं नाटक मला आवडलेलं नाही. करतोय.

मूळ धाग्यात ज्या मुलांबद्दल लिहिलं, त्यांच्या एकांकिकेचे १० प्रयोग तिनंच घेतले आहेत. गावातला पहिला प्रयोग कुठं करायचा ते शोधतोय.

बोडणी_बोलतोय

आमच्याकडं या. देवळामागं कट्टा हाय, पोरं बसत्यात तितं, भाडं न्हाई. लाईट सिंगल फेज हाय फकस्त.

गावभागकर

सिंगल फेजवर चालेल, डिमर आणत नाही, चार एलईडी पार दिवे पुरतात. कट्टा मोजून कळवाल का? रुंदी आणि खोली, फुटात. मागं भिंत आहे का तेही.

बोडणी_बोलतोय

मोजला. १८ बाय १४. भित न्हाई, लिंबाचं झाड हाय मागं. एक फांदी आत येती, डोक्याला लागंल आशी. तोडून ठिवू का?

गावभागकर

नको, राहू दे. मुलांना रविवारी घेऊन येतो, त्यांना बघू दे आधी.